बैठक

मुर्तुजाभाईंनी आधी खुर्ची उलटी केली.
"पाठ मागाहून पाहा बाई, पोट पाहा," म्हणाले,
"वरून सगळ्याच म्हाताऱ्या पॉलिश लावून बसतात."
पोटाखाली पांढऱ्या रंगात आकडा, सदतीस,
एक गंजका खिळा, आणि कोणी कधीकाळी
चिकटवून ठेवलेलं, आता खडा झालेलं च्युइंगगम.

मटन स्ट्रीट, गुरुवारची दुपार.
बँकेतून अर्धी रजा टाकून आलेली मी,
पर्समध्ये मोजपट्टी आणि पावतीच्या पाठीवर लिहिलेलं:
दार एकोणतीस इंच, लिफ्ट सव्वीस,
माझगावला चौथ्या मजल्यावर खोली नऊ बाय अकरा,
माझ्या एकटीच्या नावावर.

याआधी दुसऱ्या दाखवून झाल्या होत्या.
इराण्याकडची काळी, वाकवलेल्या लाकडाची,
पाठीत गोल, कमरेत बारीक.
तिच्यावर बूड टेकलं की ऑर्डर द्यावीशी वाटते,
आणि मागे कोणी जागेसाठी ताटकळलंय असंही.
मग लांब हातांची, पाय पसरून पडायची, साहेबाची;
तिच्यात माझे तळवे जमिनीला लागेनात.
आणि मुर्तुजाभाई स्वतः जिच्यात बसून चहा पीत होते ती,
चंडीगडच्या कुठल्याशा कचेरीतली म्हणे,
पाय कात्रीसारखे, किंमत डॉलरमध्ये.
"खरी?"
"खरी असती तर मी हिच्यात बसलो असतो?"

सदतीसची किंमत ऐकून धक्का बसला,
उभ्याउभ्याच.

चोपन्न वर्षांत खुर्ची म्हणून मी काही निवडलं नव्हतं.
दादरच्या हॉलमधलं भाड्याचं लाल मखमली सिंहासन,
हातांवर दोन सिंह, एकाचा कान तुटका;
सासरी भिंतीकडची, कारण पंख्याखालची ठरलेली;
शाखेत चाकांची, जिला माझ्या बढतीनंतर
उंच पाठ आली. ती मी तेरा वर्षं उबवली,
असं युनियनवाले म्हणत.
शेवटी कौटुंबिक न्यायालयाबाहेरचा बाक.
तो खुर्चीत मोजायचा का, मला अजून कळलेलं नाही.

बसले. वेत मधोमध फाटलेला,
म्हणून कडेच्या लाकडावर, पाहुणीसारखी.
उजवा हात गुळगुळीत, जवळजवळ ओला वाटावा इतका.
डाव्याला कोणी फारसं शिवलेलं नाही.
रस्त्यावरून ग्रामोफोनचा एक कर्णा
कोणाच्या तरी डोक्यावरून निघून गेला.
मी उठले नाही.
"पाच हजार कमी करा."
"तीन."
"च्युइंगगमसकट?"
"ते माझ्याकडून."

हमालाने लिफ्टकडे बघितलंसुद्धा नाही.
चार मजले ती त्याच्या डोक्यावर उलटी बसून आली.

रविवारी घोलप आले, वेताची भेंडोळी ओल्या पंच्यात गुंडाळून.
त्यांना दिसत नाही. अंधांच्या शाळेत शिकलेली वीण,
चाळीस वर्षं तीच.
बोटांनी चौकटीची भोकं मोजली: शहात्तर.
"दोन बुजलीत. मागे कोणी घाईत विणलंय."
जुनी जाळी कापून काढली, भुसा फुंकला,
मग उजव्या हातावर तळवा ठेवून जरा थांबले.
"शिवणकाम करणारी असेल. नाहीतर कोणाची वाट बघणारी."
कशावरून, मी विचारलं, घसा उगाच भरून येऊन.
"कशावरून नाही. सगळ्यांना असंच सांगतो.
लोकांना बरं वाटतं."

वेत कमी पडला. उरलेलं काम बुधवारी.

तोवर ती खिडकीपाशी, उभे धागे ओढलेले, आडवे नाहीत,
खालची फरशी पट्ट्यापट्ट्यांनी दिसते आहे
आणि मी त्याच फरशीवर, भिंतीला टेकून,
मांडीवर वरणभाताचं ताट.
समोरच्या रेबेलोबाई उघड्या दारातून डोकावल्या.
"एवढी खुर्ची आणली, मग खाली का?"
"अजून बसता येत नाही," म्हटलं,
आणि पाय लांब केले.